मल्लाचे ऋण

कुस्ती हा एकट्याने लढण्याचा खेळ आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. हॉकीत किंवा क्रिकेटमध्ये एका खेळाडूची चूक दुसरा सावरून घेतो. कुस्तीत तशी सोय नाही. हौद्यात उतरलेल्या मल्लाचा डाव दुसऱ्याला टाकता येत नाही, आणि त्याच्या पाठीला माती लागली तर ती दुसऱ्याला झटकता येत नाही. जे काही करावयाचे, ते त्याने स्वतःच्या बळावर व स्वतःच्या बुद्धीने करावयाचे. ही गोष्ट खरी आहे; परंतु ती अर्धीच खरी आहे. मल्लाच्या अंगातील बळ कोठून येते, ह्याचा शोध घेऊ लागल्यास त्याच्यामागे कितीतरी माणसे उभी असलेली आढळतात. पहाटे हाक मारून उठविणारा बाप, घरातील दुधाचा मोठा पेला त्याच्यासाठी राखून ठेवणारी आई, चुकलेला डाव शंभर वेळा पुन्हा करावयास लावणारा वस्ताद आणि जत्रेच्या फडात त्याच्या नावाने आरोळी ठोकणारा गाव, ह्या सर्वांचा वाटा त्या बळात असतो. हा वाटा ओळखणे म्हणजे ऋण ओळखणे होय. हे ऋण ज्याने जन्मभर ओळखले आणि शक्य तितके फेडले, अशा एका महाराष्ट्रीय मल्लाची ही कथा आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर ह्या गावी झाला. कृष्णा आणि कोयना ह्या नद्यांचा संगम जेथे होतो, त्या कऱ्हाड शहराच्या अगदी जवळ हे लहानसे गाव आहे. वडील दादासाहेब हे स्वतः कुस्तीगीर होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. ज्या वयात इतर मुले मातीत खेळतात, त्या वयात, म्हणजे पाचव्या वर्षीच, वडिलांनी ह्या मुलाला तालमीच्या मातीत उतरविले.

तालमीची माती म्हणजे शेतातील ढेकळे नव्हेत. ती तांबडी माती बारीक चाळून घेतात; तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस अशा वस्तू मिसळतात आणि ती रोज खणून मऊ ठेवतात. माती खणणे हाही व्यायामच असतो. नवा मुलगा तालमीत आला, की प्रथम त्याच्या हाती फावडे येते. डाव पुढे, मेहनत आधी. मग जोर, बैठका, मुद्गल फिरविणे, दोरावर चढणे हा क्रम सुरू होतो. हा सर्व व्यायाम करूनही पुष्कळ दिवस मुलाला फड पाहावयास मिळत नाही. अशा रीतीने तालीम शरीराबरोबर मनालाही घडविते. आज केलेल्या कष्टाचे फळ आजच मागू नये, हा तिचा पहिला धडा होय.

दक्षिण महाराष्ट्रात ह्या विद्येला मोठा मान होता. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज हे कुस्तीचे थोर आश्रयदाते. त्यांनी दूरदूरच्या मल्लांना आपल्या नगरीत बोलाविले, तालमींना साहाय्य दिले आणि कोल्हापुरात खासबागेचे प्रशस्त कुस्ती मैदान उभारले. गावोगावच्या जत्रांत हलगीच्या तालावर कुस्त्या होत, आणि जिंकलेल्या मल्लाच्या डोक्यावर फेटा बांधला जाई. साध्या शेतकऱ्याच्या मुलालाही स्वतःच्या मेहनतीने मान मिळविता येईल, अशी ही वाट होती. गोळेश्वरच्या धाकट्या मुलाने ह्याच वाटेवर पाऊल टाकले.

खाशाबांचे माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला होता. शाळकरी वयाच्या खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोचविणे अशी कामे केली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. स्वतंत्र देशाचा ध्वज जगाच्या मैदानावर फडकावा, ही आकांक्षा त्या पिढीतील अनेक तरुणांच्या मनात होती. खाशाबांच्या मनात तिने कुस्तीचे रूप घेतले.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. ‘पैलवान’ म्हटला की धिप्पाड, उंच, हत्तीसारख्या देहाचा पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. खाशाबा तसे नव्हते. त्यांची चण लहान होती आणि वजन जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोंच्या घरात होते. अशा मल्लाने केवळ रेटून कुस्ती जिंकू म्हटले, तर ते शक्य नाही. म्हणून त्यांनी चपळाईचा व डावपेचांचा अभ्यास केला. ढाक टाकून प्रतिस्पर्ध्याला खाली घेण्यात ते तरबेज झाले. निसर्गाने जे कमी दिले, त्याबद्दल कुढत न बसता जे दिले आहे त्याला धार लावावी, हा शहाणपणा त्यांनी तरुणपणीच अंगी बाणविला.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच ह्या सामन्यांत उतरत होता. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबांना लंडनला जाता आले. परंतु तेथे पोचल्यावर एक निराळीच अडचण पुढे उभी राहिली. जन्मभर ज्या मातीत ते कुस्ती खेळले होते, ती माती तेथे नव्हतीच. तेथे होती गादी.

माती आणि गादी ह्यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. मातीत अनवाणी पायाची बोटे रुतवून मल्ल घट्ट उभा राहतो. अंगाला माती लागली की पकड पक्की बसते. गादीवर पायांत बूट असतात, पाऊल रुतत नाही, आणि घामाने ओले झालेले अंग हातातून निसटते. मातीतील कुस्ती बहुधा चीतपट होईपर्यंत चाले. मग तिला कितीही वेळ लागो. गादीवर वेळेचे बंधन असते. ठरलेल्या वेळात कोणी चीत झाले नाही, तर कोणाचा खेळ वरचढ झाला हे पंच ठरवितात. म्हणजे आयुष्यभर एका भाषेत बोलणाऱ्या माणसाला एकाएकी परक्या भाषेत भाषण करावयास सांगावे, तशीच ही स्थिती होती. तेथे रीस गार्डनर ह्या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन खाशाबांना मिळाले. परंतु वेळ फार थोडा होता. असे असूनही फ्लायवेट गटात, म्हणजे बावन्न किलो वजनाच्या मल्लांत, त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

जगातील निवडक मल्लांत सहावे येणे ही काही लहान गोष्ट नव्हे. घरी परतून तेवढ्यावर समाधान मानले असते, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. अथवा, ‘आमची माती असती तर मी जिंकलो असतो,’ असे म्हणून त्यांना मन शांत करता आले असते. पराभवाचे कारण दुसऱ्याच्या पदरात टाकले, की माणसाला क्षणभर हलके वाटते. परंतु त्याबरोबर शिकण्याची वाट बंद होते. खाशाबांनी ही सोपी वाट धरली नाही. आपण कोठे उणे पडलो हे त्यांनी पाहिले आणि पुढील चार वर्षे त्या उणिवेशी झुंज घेतली. मेहनत वाढविली. डाव गादीला साजेसे करून घेतले. ह्याच काळात त्यांनी वजनाचा गटही बदलला. फ्लायवेटऐवजी ते सत्तावन्न किलोंच्या बॅंटमवेट गटात खेळू लागले. म्हणजे आता प्रतिस्पर्धीही अधिक वजनाचे होते.

चिकाटी हा शब्द आपण फार सहज वापरतो. एकच गोष्ट पुन:पुन्हा करीत राहणे म्हणजे चिकाटी, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु चुकीचा डाव हजार वेळा टाकला, तरी तो चुकीचाच राहतो. आपली चूक शोधणे, ती मान्य करणे, तीत सुधारणा करणे आणि मग न कंटाळता सराव करणे, ह्या चारही गोष्टी मिळून चिकाटी होते. लंडन आणि हेलसिंकी ह्यांमधील चार वर्षे हा ह्या गुणाचा उत्तम पाठ आहे.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशातील हेलसिंकी ह्या शहरी व्हावयाचे होते. खाशाबांच्या निवडीविषयी प्रथम वाद निर्माण झाला. आपल्यावर अन्याय झाला आहे असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांनी रीतसर दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली, आणि त्या कुस्तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपला हक्क सिद्ध केला. अन्यायाविरुद्ध बोलावे, परंतु अखेरचे उत्तर आपल्या कामगिरीने द्यावे, ही रीत त्यांनी पाळली.

निवड झाली, पण प्रवासाला पैसा कोठून आणावयाचा? देश नुकताच स्वतंत्र झाला होता. खेळाडूंना परदेशी पाठविण्याची आजच्यासारखी व्यवस्था तेव्हा नव्हती. शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यातली ही रक्कम नव्हती. घरच्या माणसांनी गावात फिरून वर्गणी मागितली. ज्याला जे शक्य होते, ते त्याने दिले. तरीही पुरेशी रक्कम जमेना. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले.

ह्या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. त्या काळी सात हजार रुपये ही रक्कम प्राथमिक शिक्षकाच्या वर्षभराच्या पगाराहून कितीतरी अधिक होती. विद्यार्थी पदक आणील, अशी हमी कोणीही देऊ शकत नव्हते. कुस्तीत एका क्षणाच्या चुकीने चार वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते, हे काय प्राचार्यांना ठाऊक नसेल? तरीही त्यांनी घर पणास लावले. ज्या गोष्टीची खात्री असते, तिच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. खात्री नसतानाही दुसऱ्याच्या प्रामाणिक कष्टावर भरवसा टाकणे, ह्यालाच आशा म्हणतात. आशा आपल्याच मनात उगवते असे आपण समजतो. परंतु कित्येकदा ती आधी दुसऱ्याच्या मनात आपल्यासाठी उगवते, आणि मग आपण तिला पात्र होण्यासाठी झटतो. गोळेश्वरच्या लोकांची वर्गणी आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर हे सारे ओझे पाठीशी घेऊनच खाशाबा हेलसिंकीला गेले. हे ओझे माणसाला वाकवीलही किंवा ताठ उभे करील. ते त्या माणसावर अवलंबून असते.

हेलसिंकीत खाशाबांनी एकामागून एक कुस्त्या जिंकल्या. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी ह्या देशांच्या मल्लांना त्यांनी हरविले. आता पदक दृष्टीच्या टप्प्यात आले. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव ह्या दोन बलाढ्य मल्लांशी त्यांची गाठ पडली. एक दीर्घ व थकवा आणणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढील कुस्तीसाठी बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु त्यांच्या बाजूने हा नियम दाखवून बोलणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता. थकलेल्या शरीराने खाशाबा गादीवर उतरले आणि हरले. इशी ह्यांना सुवर्णपदक मिळाले, मामेदबेकोव ह्यांना रौप्यपदक मिळाले, आणि खाशाबा जाधव कांस्यपदकाचे मानकरी ठरले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

ह्यापूर्वी, म्हणजे १९०० साली, ब्रिटिश अमदानीत नॉर्मन प्रिचर्ड ह्यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या नावावर दोन रौप्यपदके मिळविली होती. हॉकी संघाची सुवर्णपदके तर देशाला परिचित होतीच. परंतु स्वतंत्र भारतासाठी एकट्याने झुंजून ऑलिंपिक पदक मिळविणारे पहिले खेळाडू खाशाबाच होत. त्याच सामन्यांत त्यांचे सहकारी मल्ल केशव माणगावे ह्यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळविला. त्यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले. विजेत्यांची नावे सांगताना अशा निसटत्या पराभवाचीही आठवण ठेवली पाहिजे. कष्ट दोघांचेही सारखेच असतात.

पदक घेऊन खाशाबा मायदेशी परतले. कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. शंभराहून अधिक बैलगाड्या तीत सामील झाल्या होत्या. ढोल-लेझीम वाजत होते. एरवी काही मिनिटांत संपणारी ती वाट चालावयास त्या दिवशी कित्येक तास लागले. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला आपणच पदक जिंकल्यासारखे वाटले असेल, आणि ते वाटणे योग्यच होते.

पण ह्या मिरवणुकीपेक्षाही एक गोष्ट अधिक स्मरणीय आहे. फुलांचे हार उतरल्यावर खाशाबांनी प्रथम काय केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरविला, स्वतः त्यात कुस्त्या जिंकल्या आणि मिळालेली रक्कम प्राचार्य खर्डेकरांच्या हाती ठेवली. गुरूंचे गहाण पडलेले घर सोडविल्यावाचून आपला विजय पुरा होत नाही, ही जाणीव त्यामागे होती. मल्लाचे विचार त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या आचरणात वाचावेत. ज्या कुस्तीने ऋण झाले, त्याच कुस्तीने ते फेडले. कुटुंब, चिकाटी आणि आशा ह्यांविषयी खाशाबांचे मत काय होते, हे सांगावयास ह्याहून निराळा पुरावा कशाला हवा?

ह्यानंतरचे त्यांचे आयुष्य मात्र सरळ नव्हते. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उतरण्याची त्यांची उमेद गुडघ्याच्या दुखापतीमुळे मनातच राहिली. पोलीस खात्यातही त्यांनी कुस्तीची सेवा सोडली नाही. स्पर्धांत भाग घेतला, तरुणांना शिकविले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त ह्या पदावरून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या हयातीत राष्ट्राकडून मोठा क्रीडासन्मान त्यांच्या वाट्यास आला नाही. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० सालचा, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

येथे कोणी विचारील, की मग इतक्या कष्टांचे फळ काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर गोड शब्दांनी झाकून ठेवू नये. प्रत्येक प्रयत्नाला त्याच्या वेळी मान मिळतोच असे नाही. समाजाला आपल्या गुणी माणसांची आठवण कधीकधी फार उशिरा होते. तो समाजाचा उणेपणा होय. परंतु मान उशिरा आला म्हणून कार्याचे मोल कमी होत नाही. बी पेरणाऱ्याला प्रत्येक झाडाची सावली मिळतेच असे नाही. म्हणून काय कोणी आंब्याची कोय लावावयाचे सोडतो?

खाशाबांनी लावलेले झाडही सावकाश वाढले. त्यांच्यानंतर ऑलिंपिकमधील दुसरे वैयक्तिक पदक भारताला मिळण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस ह्यांनी टेनिसमध्ये ते मिळविले. कुस्तीतील दुसरे पदक २००८ साली बीजिंग येथे आले. २०१६ साली रिओ येथे हरियाणाच्या साक्षी मलिक ह्यांनी कांस्यपदक जिंकले, आणि ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मुलींना तालमीचा उंबरठा ओलांडू न देण्याचा काळ आता मागे पडत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे ह्यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला बहात्तर वर्षांपूर्वीच्या हेलसिंकीची आठवण झाली. खेळ निराळा, काळ निराळा; परंतु आपल्या मातीतला माणूस जगाच्या मैदानावर उभा राहू शकतो, हा विश्वास खाशाबांनीच प्रथम रुजविला होता.

प्रत्येक मुलाला मल्ल व्हावयाचे नसते, आणि प्रत्येकाला पदक मिळेल असेही नाही. परंतु प्रत्येकाच्या शिक्षणासाठी कोणीतरी काहीतरी गहाण ठेवलेले असते. कोणाच्या आईने आपली हौस मागे ठेवलेली असते, कोणाच्या वडिलांनी आपली विश्रांती, तर कोणाच्या शिक्षकाने शाळा सुटल्यानंतरचा आपला वेळ. ही गहाणखते कागदावर लिहिलेली नसतात, म्हणून ती सहज विसरली जातात. ती आठवणीत ठेवून आपले काम चोख करणे, हरल्यास आपली उणीव शोधून पुन्हा उभे राहणे आणि जिंकल्यास प्रथम देणेकऱ्यांकडे वळणे, एवढे ज्याला साधले, त्याने गोळेश्वरच्या ह्या मल्लाकडून खरी कुस्ती शिकली असे म्हणता येईल.

शब्दार्थ

हौदा – कुस्ती खेळण्यासाठी मऊ माती घालून तयार केलेली जागा
फड – कुस्त्यांचा जाहीर सामना. तो भरतो ती जागा
वस्ताद – कुस्ती शिकविणारा गुरू
मुद्गल – व्यायामासाठी फिरविण्याचे जड लाकडी साधन
हलगी – कुस्तीच्या वेळी वाजविण्याचे एक चर्मवाद्य
ढाक – कुस्तीतील एक डाव
चीतपट – प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून मिळविलेला निर्णायक विजय
दाद मागणे – अन्याय दूर करण्यासाठी वरिष्ठांकडे तक्रार करणे
पणास लावणे – धोका पत्करून एखादी मोलाची वस्तू डावावर ठेवणे
गहाणखत – वस्तू तारण ठेवून कर्ज घेतल्याचा लेख

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तालमीत नव्या मुलाच्या हाती प्रथम काय येते? त्यातून तो काय शिकतो?
(आ) शरीराची चण लहान असल्यामुळे खाशाबांनी कशाचा अभ्यास केला?
(इ) हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कसे जमले?
(ई) मायदेशी परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात काय केले?

२. पुढील प्रश्नांची सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) मातीतील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती ह्यांतील फरक स्पष्ट करा.
(आ) लेखकाच्या मते चिकाटी कोणत्या चार गोष्टींनी बनते? खाशाबांच्या आयुष्यातून त्या कशा दिसतात?
(इ) ‘प्रत्येकाच्या शिक्षणासाठी कोणीतरी काहीतरी गहाण ठेवलेले असते,’ ह्या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.

३. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
अंगी बाणविणे, दाद मागणे, पणास लावणे, तरबेज होणे.

४. विचार करा व चर्चा करा.
प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले, परंतु खाशाबांना पदक मिळाले नसते, तर प्राचार्यांचे करणे चुकीचे ठरले असते काय? आपले मत कारणांसह मांडा.

५. उपक्रम
आपल्या गावातील अथवा जवळपासच्या तालमीला शिक्षकांसह भेट द्या. तेथील वस्तादांना दिनक्रम व डावांची नावे विचारा आणि दहा-बारा ओळींत माहिती लिहा.